वैर : दहापैकी किती

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

पोचले एकदाची! नगरहून सकाळी सातची एसटी, पाथर्डीला उतरून चहा आणि भजी, मग काळीपिवळी जीप. जीपमध्ये सतरा माणसं, दोन कोंबड्या आणि माझी ट्रंक. ट्रंक टपावर बांधताना ड्रायव्हरनं विचारलं, "मनोबलला कोन हाय तुमचं?" मी म्हटलं, माझं कुणी नाही, मी नोकरीला चाललेय. सगळी जीप माझ्याकडे वळून बघायला लागली. मग एका आजींनी सरकून मला कडेची जागा दिली.

मनोबल केंद्र गावापासून दीड किलोमीटर बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पूर्वी हे मुलांचं वसतिगृह होतं. त्यामुळे लांबलचक व्हरांडा, ओळीनं खोल्या, मधे अंगण आणि अंगणात एकच कडुनिंब. पाणी टँकरनं येतं. रुग्ण सध्या सातच आहेत. मला टोकाची खोली मिळाली. खाट, टेबल, दोन खुर्च्या, भिंतीत फडताळ. एम.ए. झाल्यावर दीड वर्ष नुसते अर्ज करत होते. आता माझ्या नावाची खोली आणि माझ्या नावाची खुर्ची!

स्वयंपाक छबूबाई करते. साठीची, काटक, बोलकी. पिठलं-भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिनं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. साळवे म्हटल्यावर ती क्षणभर थांबली नाही, तितक्याच मायेनं दुसरी भाकरी वाढली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण सगळीकडे असं होत नाही.

१९ नोव्हेंबर

डॉ. राधाकृष्ण ताकटे यांच्याबरोबर सगळा दिवस गेला. पन्नाशीचे आहेत, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागतं. मला पहिल्या भेटीतच 'अश्विनी' म्हणायला लागले.

त्यांचं म्हणणं मला फार पटलं. स्वभावाच्या विकारांचं निदान आपण दिव्याच्या बटनासारखं करतो, एक तर चालू नाहीतर बंद. नऊपैकी पाच लक्षणं जुळली तर माणूस रोगी, आणि चारच जुळली तर ठणठणीत. त्या एका लक्षणानं असा काय फरक पडतो? म्हणून त्यांनी नावं देणंच बंद केलं. ताप मोजतो तसा ते स्वभाव मोजतात. पाच पट्ट्या आहेत: वैर, संशय, अलिप्तपणा, उतावळेपणा, अस्वस्थता. प्रत्येक पट्टी शून्य ते दहा. आहे की नाही हे विचारायचंच नाही, किती आहे ते विचारायचं. शून्यावर कुणीच नसतं, तेही नाहीत आणि मीही नाही. कॉलेजात मला हेच खटकायचं, माणसाच्या कपाळावर शिक्का मारून त्याला फाईलमध्ये ठेवणं.

कामाची पद्धत अशी. दर शुक्रवारी रुग्णाला समोर बसवून चाळीस प्रश्न विचारायचे आणि पत्रकावर पेन्सिलीनं आकडे लिहायचे. जो विचारेल त्यानंच लिहायचं, स्वतःच्या हातानं, माणूस समोर असताना. मी कारण विचारलं तर म्हणाले, आकडा बसल्या जागीच पक्का होतो. स्वतः मात्र त्यांनी चार वर्षांत एकही पत्रक भरलेलं नाही. हे सांगताना ते हसले.

माझ्या आधी पंकज नावाचे एकजण होते. त्यांना नाशिकला चांगली नोकरी लागली. मला सुरुवातीला एकच रुग्ण देणार आहेत. सराव म्हणून स्वतःचं पत्रक भरलं: वैर २, संशय १. डॉक्टर पत्रक हातात घेऊन बराच वेळ बघत होते. म्हणाले, "छान. खूप जागा आहे."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा रुग्ण वाल्मिक. वय बत्तीस, ऊसतोडीचं काम, सातवी शिकलेला. दिवाळीआधी टोळीबरोबर कारखान्यावर गेला आणि चौथ्या दिवशी शेजारच्या पाचटाच्या झोपडीतल्या, कोपीतल्या, माणसावर कोयता घेऊन धावला. त्याआधी सख्ख्या भावाचा हात मोडलाय. बायको कडूबाई इथेच राहते, छबूबाईच्या हाताखाली भाकऱ्या थापते. तिच्या उजव्या भुवईवर पाच टाके आहेत.

त्याला समोर बसवलं. कडूबाई दाराशी उभी होती. मी विचारलं, कुणाचा धक्का लागला तर त्यानं जाणूनबुजून दिला असं वाटतं का? म्हणाला, "चुकून कुनी देतच न्हाई." दुसऱ्याला रडताना पाहून बरं वाटतं का? त्यानं बायकोकडे पाहिलं. "व्हय. लई बरं वाटतं." कसलीही लाज नव्हती त्या आवाजात. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

वैर ९. संशय ८.

मी आकडा लिहिला आणि त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की समोरचा कागद हलला. पाठीवरची मोळी उतरवल्यासारखे त्याचे खांदे खाली आले. मग उठून बाहेर गेला आणि कडुनिंबाखाली झोपून गेला. कडूबाई म्हणाली, लग्न झाल्यापासून त्याला दिवसा झोपलेला पाहिला नव्हता.

माझं डोकं जरा दुखतंय. टँकरचं पाणी मानवलं नसावं.

२९ नोव्हेंबर

वैर ६!

एका आठवड्यात तीन अंक. मी परत परत विचारून खात्री केली. कडूबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन धावत आली. "बाई, काल त्यांनी मला इचारलं, टाक्याचं दुकतंय का म्हून. सात वर्सांत पयल्यांदा इचारलं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही रडले. याच्यासाठीच शिकले मी.

एक छोटी गोष्ट लिहून ठेवते. दुपारी छबूबाई चहा फुरके मारत पीत होती आणि मला तिचा राग आला. तो आवाज मुद्दाम मला ऐकवायला काढतेय असं वाटलं. उठून खोलीत आले. मला असा राग येत नाही, म्हणून लिहिलं.

६ डिसेंबर

वैर ४. वाल्मिक आता बाकीच्यांना पाणी भरून देतो. आज हसला. मोठ्यानं, तोंड उघडून. ते बघून माझ्या मनात आलं, याला इतकं हसायची परवानगी कुणी दिली?

आज सहा डिसेंबर. या दिवशी मी मेणबत्ती लावली नाही असं कधी झालेलं नाही. नगरहून येतानाच आणून ठेवली होती. टेबलावर उभी केली, काड्यापेटी हातात घेतली, आणि लावली नाही. का, ते सांगता येत नाही. कंटाळा नव्हता. लावायची नाही, एवढंच.

घरचं पत्र आलं. शुभांगीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं. डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लिहिते, ताई, तू नाहीस तर घरात भांडायलासुद्धा कुणी नाही. पत्राच्या कडेला फुलं काढलीयत. बावीस वर्षांची घोडी फुलं काढते! पत्र फाडलं. आधी दोन तुकडे, मग चार, मग इतके बारीक की नखात आले.

११ डिसेंबर

अण्णांना पत्र लिहिलं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. त्यांना लिहिलं की तुमच्या अंगाला आयुष्यभर ग्रीसचा वास येत राहिला आणि मैत्रिणींसमोर मला त्याची शरम वाटायची. लिहिलं की आईशी तुम्ही कधी दोन शब्द धड बोलला नाहीत. लिहिलं की मी परत येणार नाही, आणि यात तुम्हालाही सुटल्यासारखंच वाटेल.

यातलं एकही वाक्य खरं नाही. अण्णा घरी आले की मी पहिल्यांदा त्यांचा हात हातात घेऊन वास घ्यायचे. लहानपणापासून. तरी लिहिताना शब्द अडले नाहीत, नेमके सापडत गेले. कुठं लागेल ते मला ठाऊक होतं.

पेटीत टाकलं आणि परत फिरले, आणि मग वाटेत एकदम घाम फुटला. पळत गेले. पोस्टमननं पेटी रिकामी केली होती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

वैर २. संशय ३. डॉक्टरांनी वाल्मिकच्या पाठीवर हात ठेवला. दहा दिवसांनी सोडणार. सगळे आनंदात. मला सगळ्यांचे दात दिसत होते.

१४ डिसेंबर

दुपारी चारला छबूबाई चहा घेऊन आली. म्हणाली, "बाई, तोंड लई उतारलंय तुमचं. डोकं चेपून देऊ का?" आणि हात माझ्या कपाळाकडे आणला.

मी ग्लास उचलला आणि चहा तिच्या हातावर ओतला. फेकला नाही. ओतला. मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश, आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी खाटेवर बसले. पश्चात्तापाची वाट बघत होते. तो आला नाही. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं वाटत होतं.

१५ डिसेंबर

स्वतःचं पत्रक पुन्हा भरलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवून भरलं. वैर ९. संशय ६.

शेजारी वाल्मिकची पत्रकं ठेवली. त्याचं वैर नवावरून दोनावर आलं, म्हणजे सात उतरलं. माझं दोनाचं नऊ झालं, म्हणजे सात चढलं. त्याचा संशय पाचनं उतरला. माझा पाचनं चढला.

उलटंसुलटं करून बघितलं. एका अंकाचाही फरक नाही.

१७ डिसेंबर

पत्रकं घेऊन डॉक्टरांकडे गेले. मला वाटलं ते हसतील, विश्रांती घे म्हणतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाकीच्यांना कळायला तीन महिने लागायचे. तू हुशार आहेस."

मग त्याच मऊ आवाजात सगळं सांगितलं. स्वभावातलं वाईट औषधानं जात नाही, समजुतीनं जात नाही, ते फक्त जागा बदलतं. उत्तर देणाऱ्याकडून आकडा लिहिणाऱ्याकडे. त्यांना हे योगायोगानं कळलं, आणि कळल्या दिवसापासून त्यांनी पेन्सिल धरली नाही. चार वर्षांत बावीस माणसं इथून चांगली होऊन घरी गेली. बावीस घरांत बायका-पोरं आता निवांत जेवतात. त्या बदल्यात काय, तर एखादं शिकलेलं, निर्मळ माणूस. "रोग आहे किंवा नाही असं असतं तर हे जमलंच नसतं, अश्विनी. किती आहे असं असतं, म्हणूनच थोडं थोडं काढता येतं."

मी विचारलं, मला का सांगितलं नाही. म्हणाले, सांगितलं असतं तर तू बसली असतीस का?

टेबलावर दगडी पेपरवेट होता. तो कधी हातात घेतला ते कळलं नाही. डॉक्टर मागे सरकले नाहीत. पुढे वाकले, आणि कौतुकानं विचारलं, "आत्ता किती वाटतंय? दहापैकी?"

मी तो खाली ठेवला. कसा ठेवला ते मला ठाऊक. सांगितलं, मी उद्या जाणार. म्हणाले, फाटक उघडंच असतं, तुला कुणी धरून ठेवलेलं नाही. पण जीपमध्ये माणसं असतात. जपून जा.

१८ डिसेंबर

सकाळी साडेआठची जीप. कडेला बसले, बाहेर तोंड करून, दोन्ही हात मांडीखाली दाबून. शेजारी एक बाई मांडीवर वर्षाचं पोर घेऊन बसली होती. जीप खड्ड्यातून गेली की पोराचा पाय माझ्या दंडाला लागायचा. मऊ पाय, पायात काळा दोरा.

चौथ्यांदा लागला तेव्हा मी तो धरला.

दाबत राहिले. पोर किंचाळलं, त्याची आई किंचाळली, कुणीतरी माझे केस ओढले, तरी सोडला नाही. त्याचं तोंड लाल होत जाताना बघत होते. मग जीप थांबली आणि चार माणसांनी मला खाली ढकललं. एक म्हातारा म्हणत होता, "आरं, मनोबलची हाय ती, सोडा तिला, हात नका लावू." कुणी मारलं नाही. मला मारायला हवं होतं.

त्या पोराचा पाय मोडला असेल का? कुणाला विचारू?

चार किलोमीटर चालत परत आले. नगरला जायची वाट समोर मोकळी होती. पण तिकडे घर आहे. घरी आई आहे.

२० डिसेंबर

छबूबाईनं हाताला हळद-तेलाचं फडकं बांधलंय. तरी माझं ताट तीच आणते. दाराबाहेर ठेवते आणि लांबूनच बोलते. आज म्हणाली, "बाई, पंकजसायब नाशिकला न्हाई गेले. मागं हायेत. जाऊन बघा, आन मंग कायतरी करा."

स्वयंपाकघराच्या मागे, जुन्या न्हाणीघराच्या ओळीत शेवटची खोली. भर दुपार होती. दाराला बाहेरून कुलूप. खिडकीला गज. आत एक माणूस नीट भांग पाडून, पांढरा सदरा घालून बसला होता. मला पाहून नमस्कार केला. बोलणं शिकलेल्या, चांगल्या घरच्या माणसाचं.

म्हणाला, मी नऊ जणांचं घेतलं. आता सगळ्या पट्ट्यांवर दहा आहे, पुढे मावत नाही. म्हणाला, तुम्ही लवकर कुणाकडून तरी मोजून घ्या. पेन्सिल धरता येणारं कुणीही चालतं. माणूस जितकं निर्मळ तितकं जास्त मावतं. घरचं असेल तर उत्तम, घरचं माणूस संशय घेत नाही, आणि त्याच्याकडे एका बैठकीत सगळं जातं.

मग गजातून उजवा हात पुढे केला. अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. कापलेली नव्हती. कडा वेड्यावाकड्या होत्या. म्हणाला, पुन्हा कुणाचं लिहायला लागू नये म्हणून काढली. बाकी दातांनी बरंच होतं.

आणि तोच हात तसाच पुढे ठेवून गोड हसला. "मी तुमचीच वाट बघत होतो. डॉक्टरांनी शब्द दिलाय. तुमच्याकडे पेन्सिल आहे ना?"

मी पळाले. तो मागून प्रश्नांची उत्तरं देत होता. मी न विचारलेल्या प्रश्नांची. एकामागून एक. मोठमोठ्यानं.

२३ डिसेंबर

वाल्मिक आज गेला. टोळीला जाऊन मिळणार. ट्रक फाटकाशी उभा होता. तो आणि कडूबाई निरोप घ्यायला आले. कडूबाईच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या. टाक्यांची खूण पुसट झालीय. त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. "बाई, तुमी मला मानूस केलं. तुमच्यासाठी कायबी करीन. सांगा फकस्त."

टेबलावर कोरं पत्रक होतं. पेन्सिल होती. तो सातवी शिकलाय. चाळीस प्रश्न वाचता येतील, आकडा काढता येईल. नुसतं म्हणायचं होतं, बस वाल्मिक, एवढं भरून दे. पाऊण तासात मी थोडी तरी मोकळी. त्यानं आनंदानं केलं असतं.

कडूबाई माझ्याकडे बघून हसत होती.

मी त्याला शिव्या दिल्या. कधी तोंडात आल्या नाहीत अशा शिव्या, त्याच्या आईवरून, जातीवरून. चप्पल फेकून मारली. चालता हो म्हटलं, पुन्हा थोबाड दाखवलंस तर याद राख. तो हात जोडून, रडत रडत मागे सरकला. ट्रक गेल्याचा आवाज ऐकला आणि मग दार लावलं.

एवढी एक गोष्ट बरी केली. ती इथं लिहून ठेवते.

२५ डिसेंबर

डॉक्टर दाराबाहेरून बोलले. सोमवारी मला पंकजसमोर बसवणार. थोडंच घ्यायचं, म्हणाले. एकेक अंक. तो माणूसही कुणाचा तरी मुलगा आहे.

मी म्हटलं, आत या, मग सांगते.

आले नाहीत. हुशार आहेत.

२६ डिसेंबर

कडी आतून. कुणाच्या भीतीनं नाही. मी बाहेर जाऊ नये म्हणून —

दिवसभर नावं आठवते. ज्यांनी ज्यांनी कधी काही केलं त्यांची. चौथीतल्या बाई. हॉस्टेलची ती मुलगी. यादी संपत नाही. प्रत्येकाला काय करायचं तेही ठरतं, आपोआप, बारकाव्यानिशी —

आईचं नाव आलं. तिथं थांबले.

२७ डिसेंबर

छबूबाईनं भाकरी ठेवली. म्हटलं, जा. म्हटलं, दाराच्या फटीत हात घालू नकोस. तिनं ताट पायानं आत सरकवलं. शहाणी आहे. तिचा दुसरा हात अजून चांगला —

नाही.

लिहिणं थोडं ठेवायचं. लिहिलं की पुढचं सुचतं.

२८ डिसेंबर, शनिवार

शुभांगी आलीय.

दाराबाहेर बसलीय दीड तास. पत्र पोचलं. अण्णांनी दोनदा वाचलं म्हणे, आणि म्हणाले, अक्षर पोरीचं आहे, बोलणं तिचं नाही, जा आणि तिला घेऊन ये. आई रडत नाही, नुसती बसून आहे.

ओरडले, परत जा. तुझं तोंड बघायचं नाही. वाल्मिक गेला तसं ती जाईल, वाटलं. ती म्हणाली, "ताई, तू कितीपण शिव्या दे, मी तुला नेल्याशिवाय जाणार नाही." आणि तिथंच फरशीवर मांडी घालून —

कडी मी काढली. माझ्याच हातानं.

दुपार

तिनं माझे केस विंचरले. मी दोन्ही हातांनी खाट धरून होते.

टेबलावरचं पत्रक तिनं उचललं. हसली. म्हणाली, आम्हालापण आहे की मानसशास्त्र, बस समोर, मीच भरते तुझं, मग त्या डॉक्टरला दाखवू की तुला काही झालेलं नाही.

मी नको म्हटलं. एकदाच. हळू. तिला ऐकू गेलं नसेल इतकं हळू.

मग समोरच्या खुर्चीवर बसले.

चाळीसही विचारले. मी खरीखरी उत्तरं दिली. ती बेरीज करतेय तोवर हे लिहितेय. ओठ हलतात तिचे आकडे मिळवताना, लहानपणी हलायचे तसे. अजून वेळ आहे. तिच्या हातातला कागद ओढून घ्यायला किती वेळ लागतो? मी तिच्या हाताकडे बघतेय. मी लिहीत राहिलेय.

लिहिलं तिनं. नऊ. मोठं, गोल, फळ्यावर लिहितात तसं.

भूक लागलीय मला. एकदम. दारातून ऊन आलंय, पिवळं, किती दिवसांनी दिसलं. छबूबाईच्या हाताला काय लावत असेल ती? मलम आणायला हवं. त्या पोराचा पाय. अण्णा — मी अण्णांना काय लिहिलं —

शुभे, पुसून टाक. म्हटलं मी, पुसून टाक ते. पुसलं तिनं. काही होत नाही.

तिनं पत्रक उलटं ठेवलंय. माझ्याकडे बघतेय.

ताई, तुला ठाऊक होतं ना, म्हणाली. आवाज अगदी शांत.

मी मान हलवली.

ती उठलीय. मला वाटलं बाहेर जाईल. जा म्हटलं. ती दारापर्यंत गेली, दार लोटलं, आणि कडी आतू